शुक्रवारची मालमत्ता आणि सोमवारची मालमत्ता
लक्षद्वीपच्या बेटांवरील घर, समुद्र आणि वारसा

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील मुस्लिम वस्त्यांचा विचार निघाला की मराठी अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे चौल, दाभोळ, जंजिरा, फार तर भटकळ आणि कालिकत ही नावे येतात. ही सारी बंदरांची आणि किल्ल्यांची नावे आहेत. व्यापार कोणी केला, आरमार कोणी ठेवले, कोण कोणाशी लढले, याची माहिती त्यांच्याभोवती पुष्कळ जमा झाली आहे. समुद्राच्या मध्यावर घर करून राहणाऱ्या माणसाने रोजचे जगणे कसे जुळवले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते चारशे चाळीस किलोमीटर आत पसरलेली लक्षद्वीपची बेटे या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. तेथील समाज जवळजवळ संपूर्ण मुस्लिम आहे. २०११ च्या जनगणनेत बेटांची लोकसंख्या ६४,४७३ होती आणि त्यांत शेकडा ९६ हून अधिक मुस्लिम होते. कोकणी मुसलमानांप्रमाणेच हा समाज शाफई फिक्ह मानणारा आहे. तरीही त्याच्या घराचा वारसा शतकानुशतके आईकडून लेकीकडे चालत आला. हे कसे घडले आणि कसे टिकले, हे समजून घ्यायचे तर आधी त्या जमिनीकडे पाहावे लागते.

जमीन म्हणजे किती? सर्व बेटे मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर. आपल्याकडील चार-पाच गावांची शिवारे एकत्र केली तरी एवढी जमीन भरेल. त्यातही वस्तीची प्रमुख बेटे दहाच : अगत्ती, अमिनी, आंद्रोत, बिट्रा, चेतलत, कडमत, कल्पेनी, कवरत्ती, किलतान आणि मिनिकॉय. सर्वांत मोठे आंद्रोत, आणि तेही पाच चौरस किलोमीटरांच्या आतच. ही बेटे प्रवाळाची आहेत. डोंगर नाही, नदी नाही, काळी माती नाही. प्रवाळाच्या चुऱ्याची पांढरी वाळू आणि तिच्यावर माडांची दाट राई. पावसाचे पाणी वाळूतून झिरपून खालच्या खाऱ्या पाण्यावर एका पातळ थरासारखे तरंगत राहते आणि विहिरीत येते ते हेच पाणी. भरती-ओहोटीबरोबर विहिरीची पातळीही वरखाली होते आणि उपसा जास्त झाला की पाणी मचूळ लागते. पिण्याच्या पाण्याची ही चणचण इतकी जुनी आहे की समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारा कवरत्तीचा प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला, तेव्हा बेटाच्या दृष्टीने ती एखाद्या राजवटीच्या बदलाएवढी मोठी घटना होती.

अशा जमिनीत पोटापुरते धान्य पिकत नाही. भात आणायचा तो किनाऱ्यावरून, आणि त्याच्या मोबदल्यात द्यायचे ते माडाने दिलेले : खोबरे, काथ्या, नारळ, गूळ. म्हणून बेटाच्या जीवनाला एकाकी म्हणणे चुकीचे ठरते. डोंगरातले एखादे गाव वर्षभर बाहेर न जाता जगू शकेल. बेट जगू शकत नाही. त्याच्या प्रत्येक घासाची वाट मंगळूर, कन्नूर किंवा कालिकतवरून जात होती.

ही वाट वर्षातून काही महिनेच उघडी असे. पावसाळा ओसरला की शिडाची ओडमे पाण्यात ढकलली जात. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. मे महिन्यात वारा बदलू लागला की ती पुन्हा वर ओढून झावळ्यांच्या छपराखाली ठेवली जात आणि त्यानंतर सप्टेंबरपर्यंत बेटाचे दार बंद. जे घरात साठवले असेल त्यावर चार महिने काढायचे. वाट दाखवणाऱ्या सुकाणूदारांच्या वर्गाला ‘मालमी’ म्हणत. कच्छ-गुजरातच्या गलबतांवरचा ‘मालम’ आणि हा मालमी एकाच अरबी ‘मुअल्लिम’ची लेकरे आहेत. ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायला त्यांच्याजवळ लाकडी फळी आणि गाठी मारलेली दोरी असे. मार्गांची, वाऱ्यांची आणि ताऱ्यांची माहिती ‘रहमानी’ नावाच्या हस्तलिखित वह्यांत उतरवून ठेवलेली असे. मुंबई विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी भारतीय नाविकांच्या या परंपरागत ज्ञानाचा अभ्यास केला, तेव्हा ही पद्धत निव्वळ अंदाजाची नसून मोजमापाची होती हे स्पष्ट झाले. समुद्राच्या सपाटीपासून जेमतेम काही हात उंच असलेले बेट दोनशे किलोमीटरांवरून नेमके गाठायचे म्हणजे दोन अंगुळांची चूकही परवडणारी नव्हती.

प्रवासाचे महिने म्हणजे घरात पुरुष नसण्याचे महिने. ओडम कधी परत येईल हे सांगता येत नसे, आणि काही वेळा ते परतही येत नसे. या एका वस्तुस्थितीभोवती बेटांची कुटुंबव्यवस्था उभी राहिलेली दिसते.

बेटांवरच्या घराला मलबारप्रमाणेच ‘तरवाड’ म्हणतात. एका स्त्री-पूर्वजापासून स्त्रियांच्या बाजूने मोजलेली सगळी माणसे एका तरवाडातली. मुले आईच्या तरवाडाची, बापाच्या नव्हे. लग्न झाले तरी मुलगी घर सोडत नसे. मुलगाही आईचे घर सोडत नसे. नवरा दिवसभर आपल्या आईच्या घरी राही, तेथील कामे करी, तेथेच त्याचा हक्क आणि तेथेच त्याची जबाबदारी. रात्री तो बायकोच्या घरी जाई आणि सकाळी परत येई. बाहेरून पाहणाऱ्याला ही रीत विचित्र वाटते. पण बेटावरचे अंतर लक्षात घ्यावे. दोन्ही घरे पाच-दहा मिनिटांच्या वाटेवर असत. शिवाय जो माणूस वर्षातले महिने समुद्रावर काढणार, त्याच्या येण्याजाण्यावर घराचा संसार बेतून कसे चालेल? त्याची बहीण, आई, भाचे यांचे घर त्याच्याशिवाय चालू राहिले पाहिजे आणि त्याची बायको-मुले ज्या घरात आहेत तेही.

या समाजाचा सर्वांत नीट अभ्यास एका मराठी घरात जन्मलेल्या विदुषीने केला, ही गोष्ट इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. लीला दुबे (१९२३-२०१२), माहेरच्या आंबर्डेकर, शास्त्रीय गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. मानवशास्त्राच्या क्षेत्रात त्यांनी नातेसंबंधांच्या अभ्यासात मोठे काम केले. ‘मॅट्रिलिनी अँड इस्लाम’ हा त्यांचा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्पेनी बेटावर अब्दुल रहमान कुट्टी यांनी केलेल्या प्रत्यक्ष पाहणीवर तो आधारलेला आहे. मातृवंशीय घर आणि पितृवंशाकडे झुकलेले धर्मशास्त्र एका छपराखाली कसे नांदतात, हा त्या ग्रंथाचा गाभा आहे.

बेटवासीयांनी याचे उत्तर फार व्यवहारी काढले. मालमत्तेचे त्यांनी दोन वार केले. ‘वेळ्ळियाझ्चा’ म्हणजे शुक्रवारची मालमत्ता : ती तरवाडाची, पूर्वजांपासून आलेली जमीन आणि तीवरचे माड. तिची वाटणी होत नाही, ती विकता येत नाही. तिचे उत्पन्न तरवाडातल्या सर्वांचे; कारभार घरातल्या वडील पुरुषाकडे, पण हक्क स्त्रियांच्या रेषेने पुढे जातो. ‘तिंगळाझ्चा’ म्हणजे सोमवारची मालमत्ता : माणसाने स्वतः कमावलेली. ती त्याच्या मृत्यूनंतर शरियतप्रमाणे वाटली जाते. मुलगा, मुलगी, विधवा, आईबाप, ज्याचा जो हिस्सा फरायजने ठरवला आहे तो त्याला. म्हणजे एकाच माणसाच्या मृत्यूनंतर एकाच गावातला काझी दोन हिशेब मांडतो आणि दोन्ही हिशेब त्या माणसाच्या वारसांना मान्य असतात.

वाचकाला येथे वक्फ-अलल-औलादची आठवण होणे साहजिक आहे. तेथेही मूळ मालमत्ता कायम ठेवून उत्पन्न वंशजांना मिळते. पण साम्य वरवरचे आहे. शुक्रवारच्या मालमत्तेला वाकिफ नाही, वक्फनामा नाही, मुतवल्लीची नेमणूक नाही. ती धर्मशास्त्रातून निघालेली नाही. ती जमिनीच्या तोकडेपणातून निघालेली आहे. दहा-वीस माडांची राई चार पिढ्या फरायजप्रमाणे वाटत गेली असती, तर एकेका वारसाच्या वाट्याला माडाची एक झावळी आली असती. वाटणी होणार नाही अशी काही जमीन ठेवणे हा बेटावर जगण्याचाच भाग होता.

या रीतीचा स्त्रीच्या जीवनावर काय परिणाम झाला? निकाह झाला, मेहर ठरला, सारे शरियतप्रमाणे. तलाक झाला तरी स्त्री आपल्या घरातच होती. तिला कोठे परत जायचे नव्हते. मुले तिच्याजवळच, तिच्या तरवाडाची. म्हणून घटस्फोट आणि पुनर्विवाह यांना किनाऱ्यावरच्या समाजात जो कलंक लागतो तो येथे फारसा नव्हता. मालदीवमध्ये चौदाव्या शतकात काही काळ काझी राहिलेल्या इब्ने बतूताने तेथील स्त्रिया नवऱ्याबरोबर आपला मुलूख सोडून जात नाहीत, अशी नोंद केली आहे. तो मिनिकॉयच्या दक्षिणेकडचा शेजार आहे आणि दोन्हीकडे भाषा जवळजवळ एकच, ‘महल’ म्हणजे दिवेही. मिनिकॉयची रीत उत्तरेकडील बेटांहून थोडी वेगळी : तेथे नवरा बायकोच्या घरीच राहायला जातो. गावांच्या कारभारात पुरुषप्रमुखाबरोबर स्त्रीप्रमुखही असते, आणि पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून गेले आहेत. जेथे पुरुष सर्वांत दूर गेले तेथे स्त्रीचा गावकारभारातला वाटा सर्वांत उघड दिसतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मात्र या चित्रावर भाबडेपणाने भाळून चालणार नाही. उत्तरेकडील बेटांवर समाज कोया, मालमी आणि मेलाचेरी अशा थरांत विभागलेला होता. जमीन आणि ओडमे कोयांची, मालमी सुकाणूदार, मेलाचेरी माडावर चढणारे, नारळ पाडणारे, माडी काढणारे. मेलाचेरींना जमिनीचा हक्क नव्हता. जमीनमालकाच्या ओडमावर राबणे हा त्यांच्या कुळपणाचा भाग होता, आणि पायांत वहाण घालणे, डोक्यावर छत्री धरणे यांसारख्या साध्या गोष्टींवरही त्यांना बंदी होती. मशिदीत सारे एका रांगेत उभे राहत आणि बाहेर पडल्यावर एकाने वहाण घालायची, दुसऱ्याने नाही! इस्लामने शिकवलेली बरोबरी येथे घराच्या उंबऱ्यापर्यंत आली नाही, हे मान्य केलेच पाहिजे. शुक्रवारची मालमत्ता ज्यांच्याकडे होती त्यांच्यापुरतीच तिची सुरक्षितता होती. १९६५ च्या जमीन महसूल व कुळवहिवाट नियमानंतरच या संबंधांना कायद्याने हात लावला.

सर्व थरांना एकत्र आणणारे प्रसंगही होते, त्यांतला उंदीर मारण्याचा प्रसंग विशेष. माडांच्या शेंड्यावर राहून कोवळे नारळ कुरतडणारे उंदीर हा बेटाचा खरा शत्रू. ठरलेल्या दिवशी बेटावरचे सारे पुरुष हातांत काठ्या घेऊन जमत, काहीजण माडावर चढून उंदरांना खाली हाकलत आणि खालचे लोक त्यांना टिपत. कामाला न येणाऱ्याला दंड होई. पीक वाचवणे ही एका कुटुंबाची गोष्ट नाही, हे बेटावर सांगावे लागत नाही.

राज्यकर्ते बेटांकडे कसे पाहत होते, हे काथ्याच्या हिशेबातून कळते. इस्लाम येथे कसा आला याविषयी हजरत उबैदुल्ला यांची परंपरा प्रसिद्ध आहे. हिजरी पहिल्या शतकात ते अरबस्तानातून आले आणि आंद्रोतच्या जुमा मशिदीत त्यांची कबर आहे, असे बेटवासी मानतात. इतिहासाच्या कसोटीवर या तारखेची चर्चा होऊ शकते, पण आंद्रोतचा मान या परंपरेवर उभा आहे. पुढे बेटे कन्नूरच्या अरक्कल घराण्याकडे आली. हे घराणेही मातृवंशीय, आणि गादीवर ज्येष्ठ व्यक्ती बसे, मग ती पुरुष असो वा स्त्री. पुरुष असेल तर अली राजा, स्त्री असेल तर बीवी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्याने काथ्याची मक्तेदारी लादली. बेटाने आपला काथ्या दुसऱ्या कोणाला विकायचा नाही. तो अरक्कलच्या वखारीत द्यायचा आणि त्यांनी ठरवलेल्या दराने तांदूळ घ्यायचा.

काथ्या कसा तयार होतो हे येथे सांगितले पाहिजे. नारळाची सोडणे किनाऱ्याच्या उथळ पाण्यात, वाळूत पुरून कित्येक महिने कुजवायची. मग ती काढून लाकडी सोट्याने बडवायची, धागे मोकळे करायचे, वाळवायचे आणि तळहातांवर वळून सुंभ करायचा. हे सारे काम स्त्रियांचे. सोडणांना येणारा सडका वास आणि बडवण्याचा आवाज हे बेटाच्या दिवसाचे अंग होते. म्हणजे करार राजाशी, ओडम कोयाचे, सुकाणू मालमीचे. पण ज्याच्यावर हा सारा व्यवहार चालला तो दोर स्त्रीच्या हातचा. मक्तेदारीचे वर्णन करताना हा तपशील बहुधा वगळला जातो. दर पाडला गेला तेव्हा खरा तोटा तिच्या मेहनतीचा झाला.

हा जाच असह्य झाल्यावर अमिनीकडील बेटांचे लोक मंगळूरला टिपू सुलतानच्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि १७८७ मध्ये अमिनी, कडमत, किलतान, चेतलत व बिट्रा ही बेटे म्हैसूरच्या ताब्यात आली. कोणतेही आरमारी युद्ध न होता, बेटवासीयांनीच राज्यकर्ता बदलला! १७९९ मध्ये टिपू पडला आणि ही बेटे कंपनीकडे गेली, ती पुढे १९५६ पर्यंत मंगळूरच्या दक्षिण कानडा जिल्ह्याला जोडलेली राहिली. काथ्याची मक्तेदारी मात्र कंपनीने उठवली नाही. हिशेब ठेवणारा बदलला इतकेच. दक्षिणेकडील बेटे अरक्कलकडेच होती. १८४७ च्या वादळाने कल्पेनी आणि आंद्रोतचे अपार नुकसान केले, माड उन्मळले, माणसे बुडाली. मदतीच्या आणि थकबाकीच्या हिशेबात बीवी अडकल्या. १८५४ मध्ये इंग्रजांनी बेटांचा कारभार जप्त केला, १८६१ मध्ये परत दिला, १८७५ मध्ये पुन्हा घेतला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अरक्कलचा हक्क कायमचा संपला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेटांचा केंद्रशासित प्रदेश झाला. मुख्यालय १९६४ पर्यंत कोझिकोडेला, म्हणजे बेटाबाहेरच होते. नंतर ते कवरत्तीला आले. लक्षद्वीप हे नाव १९७३ चे. या काळात शिक्षणाने जी मजल मारली ती शिक्षणसंस्थांत काम करणाऱ्यांना विचार करायला लावणारी आहे. १९५१ मध्ये साक्षरता शेकडा १५ च्या आसपास होती. २०११ मध्ये ती ९१ च्या पुढे गेली आणि स्त्रियांची साक्षरता सुमारे ८८ होती. मुलगी घर सोडून दूर जाणार नाही, घर तिचेच आहे, हे ज्या समाजात गृहीत होते तेथे तिला शाळेत पाठवण्याला विरोध करण्याचे कारण कमी होते, असे म्हणता येईल. शाळा आली तशी नोकरी आली. ओडमांची जागा यांत्रिक जहाजांनी घेतली, १९८८ मध्ये अगत्तीला विमानतळ झाला. पुरुष महिनोन्‌महिने बेपत्ता राहीनासा झाला. पगार ही सोमवारची मालमत्ता, आणि ती वाढत गेली. नवरा-बायको-मुले असे वेगळे घर बांधले जाऊ लागले, मोठी तरवाडे शाखांत विभागली. मुख्यभूमीवर मलबारमधील मापिळांच्या तरवाडांची वाटणी करण्याला १९३९ च्या मद्रास कायद्याने मुभा दिली होती. बेटांवर शुक्रवारच्या मालमत्तेची ओळख पुढेही टिकून राहिली.

आज या ओळखीपुढे जो प्रश्न उभा आहे तो वारशाचा नसून ताब्याचा आहे. अरक्कलच्या काळात ज्या जमिनी कोणाच्या तरवाडाच्या नव्हत्या त्या राजघराण्याच्या खजिन्याच्या, म्हणजे ‘पंडारम’, समजल्या गेल्या आणि लागवडीसाठी बेटवासीयांना दिल्या गेल्या. राज्यकर्ते बदलत गेले. माड लावणारी घरे तीच राहिली. सरकार मात्र स्वतःला त्या खजिन्याचा वारस मानते. २०२१ मध्ये विकासासाठी जमीन ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार देणाऱ्या नियमाचा मसुदा आला तेव्हा बेटांवर आणि केरळात मोठा विरोध झाला. २०२४ मध्ये पंडारम जमिनी ताब्यात घेण्याच्या दृष्टीने आदेश निघाले आणि प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले. सरकारी दफ्तरात माड लावणाऱ्याचे नाव नसते, खातेदाराचे असते. आणि बेटावर हक्क सिद्ध करण्याची जुनी रीत म्हणजे हे झाड कोणाच्या आजीने लावले ते सांगणे.

जुलै २०२५ मध्ये प्रशासनाने बिट्रा हे बेट संरक्षणाच्या कारणासाठी संपूर्ण घेण्याचा प्रस्ताव पुढे आणून त्याच्या सामाजिक परिणामांच्या पाहणीची अधिसूचना काढली. वस्तीच्या बेटांत हे सर्वांत लहान. २०११ मध्ये तेथे २७१ माणसे होती. पूर्वी तेथे कोणीच कायमचे राहत नसे. ते समुद्रपक्ष्यांचे बेट होते, शेजारच्या बेटांवरचे लोक पक्षी पकडण्यासाठी आणि तेथील मलिक मुल्ला यांच्या मजारीच्या दर्शनासाठी जाऊन परत येत. सुमारे १९४५ मध्ये चेतलत बेटावरची एक स्त्री आपल्या मुलाला घेऊन तेथे गेली आणि परतली नाही. बिट्राची वस्ती तेव्हापासूनची आहे.